लेसोथो : ज्याचं पाणी जोहान्सबर्ग पितं तो देश

रानवाट

सहा वर्षं जोहान्सबर्गला होते. आमच्याकडे घरकामाला एक बाई यायच्या, लेसोथोच्या. तिकडे वडीलधाऱ्या बाईला नावाने हाक मारत नाहीत, ‘म्मे’ म्हणतात, म्हणजे आई. पुरुषाला ‘न्टाटे’, म्हणजे बाबा. मीही म्मेच म्हणायचे, इथेही तेच लिहिते.

एकदा सासूबाई आल्या होत्या. त्यांना तिथलं पाणी फार आवडलं. मी म्मेंना कौतुकाने सांगितलं, आमच्या आईंना तुमच्या व्हाल धरणाचं पाणी गोड लागलं. म्मे भांडी घासत होत्या. ओल्या हातांनीच मागे वळल्या आणि म्हणाल्या, “व्हालचं नाही. आमचं पाणी आहे ते. आमच्या डोंगरातून येतं.” आवाजात राग नव्हता. एखादी चूक दुरुस्त करावी तसं म्हणाल्या आणि परत भांड्यांकडे वळल्या. मी मात्र त्या रात्री नकाशा काढून बसले, आणि तेव्हापासून या देशाने मला सोडलेलं नाही.

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प त्यांच्या संसदेपुढे म्हणाले, लेसोथो हे नाव कुणी ऐकलेलंही नाही. महिन्याभरात त्याच देशाच्या मालावर ५० टक्के आयातशुल्क जाहीर झालं, देशोदेशींच्या त्या यादीतला सगळ्यात चढा दर. तेव्हाच हा धागा काढायचं ठरवलं होतं, आज मुहूर्त लागला.

आधी जागा दाखवते. दक्षिण आफ्रिकेच्या नकाशात उजव्या अंगाला एक बेट दिसतं, चारी बाजूंनी जमिनीने वेढलेलं. सगळ्या सीमा एकाच देशाशी असलेले जगात तीनच देश आहेत. व्हॅटिकन आणि सॅन मरिनो इटलीच्या पोटात, आणि हा दक्षिण आफ्रिकेच्या. क्षेत्रफळ ३०,३५५ चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण आपल्या कोकण विभागाएवढं. वस्ती २३ लाखांच्या आसपास. लिहितात लेसोथो, पण तिथली माणसं ‘लेसूटू’ म्हणतात. शोधायला सोपं जावं म्हणून मी लेसोथोच लिहिते. तिथल्या लोकांना बासोथो म्हणतात, भाषेला सेसोथो.

उंचीचं सांगते. देशातली सगळ्यात सखल जागा १,४०० मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या बाजारपेठेपेक्षा उंच! अख्खाच्या अख्खा देश १,००० मीटरच्या वर आहे असा जगात हा एकच. राजधानी मासेरू जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याच्या उंचीला. सर्वोच्च शिखर थाबाना न्टलेन्याना, ३,४८२ मीटर. जून-जुलैत बर्फ पडतं. घोंगडीसारखी जाड लोकरीची ब्लँकेट अंगाभोवती घेऊन, खांद्यापाशी मोठी पिन लावून माणसं घोड्यावरून जाताना दिसतात. ते पर्यटकांसाठी नटलेले नसतात, कामाला निघालेले असतात.

आता मुख्य गोष्ट. लेसोथोवर कुठेही वाचायला घ्या, ‘डोंगराळ, नापीक, म्हणून गरीब’ असं एका दमात लिहिलेलं असतं. मासेरूच्या पुलावर उभं राहिलं की हे वाक्य अर्धवट वाटू लागतं. पुलाखाली मोहोकारे नदी, इंग्रजी नाव कॅलेडन. अलीकडे लेसोथोची चिंचोळी पट्टी, पावसाने खणून काढलेल्या खोल घळी, आणि लगेच मागे डोंगर. पलीकडे दक्षिण आफ्रिकेच्या फ्री स्टेट प्रांताची सपाट शेतं, गहू आणि मका, नजर पोचेल तिथवर. ती पलीकडची शेतंही बासोथोंची होती.

१८५८ पासून १८६८ पर्यंत फ्री स्टेटच्या बोअर लोकांशी, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्या शेतकऱ्यांशी, त्यांच्या लढाया झाल्या. बोअर सैन्य किल्ला जिंकू शकलं नाही, म्हणून त्यांनी उभी पिकं जाळली, धान्याची पेवं लुटली. शेवटी राजा मोश्वेश्वेने ब्रिटिशांचं संरक्षण मागितलं. १२ मार्च १८६८ ला देश ब्रिटिश छत्राखाली गेला आणि पुढच्या वर्षी अ‍ॅलिवाल नॉर्थच्या तहाने मोहोकारे नदी सीमा ठरली. पलीकडची सुपीक जमीन गेली ती गेलीच. बोअर लोक त्या पट्ट्याला ‘जिंकलेला मुलूख’ म्हणत.

त्याच सुमाराला दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीला हिरे सापडले, खाणींवर हजारो माणसं जमली, आणि त्यांना धान्य कोण पुरवत होतं? हेच बासोथो. उरलेल्या जमिनीतून गहू-मका पिकवून बैलगाड्यांनी विकत होते. हे अगदी दीडशे वर्षांपूर्वीचं. नंतर रेल्वेने बाहेरचं स्वस्त धान्य येऊ लागलं, १८९६-९७ मध्ये बुळकांड्याच्या साथीत बहुतेक गुरं मेली, झोपडीपट्टी (म्हणजे दर झोपडीमागे कर) रोख पैशात भरायची सक्ती होती. थोड्या जमिनीवर माणसं वाढली, माती वाहून गेली. धान्य विकणारा देश एका पिढीत माणसं पाठवणारा देश झाला.

तेव्हा डोंगर त्यांच्याकडे पहिल्यापासूनच होते. गेली ती शेतं. गरिबीचं कारण शोधायचं तर या नदीपासून सुरुवात करावी लागते, असं माझं ठाम मत झालंय.

एवढंच लिहून थांबते. कुणाला रस असेल तर पुढे बोलू.

---

दुर्गवेडा

ताई, फार आवडलं. ‘किल्ला जिंकू शकलं नाही’ हे एका ओळीत उरकलंत, तिथे आमचा जीव अडकला. कुठला किल्ला? बांधलेला की नैसर्गिक?

---

आजोळ

वाचतेय. फक्त एक, ‘झोपडीपट्टी’ वाचून गडबडले, आपल्याकडे तो शब्द वस्तीसाठी वापरतात. झोपडीकर लिहिलंत तर बरं.

---

रानवाट

आजोळ, अगदी बरोबर. घरपट्टीच्या चालीवर लिहून गेले. झोपडीकर असंच वाचावं सगळ्यांनी.

दुर्गवेडा, किल्ला नैसर्गिक. नाव थाबा बोसिऊ, म्हणजे ‘रात्रीचा डोंगर’. माथा सपाट, कडेने वालुकाश्माचे उभे कडे, वर जायला मोजक्या खिंडी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माथ्यावर झरे. गुरंढोरं वर नेऊन महिनोन् महिने राहता येईल अशी जागा. मोश्वेश्वे १८२४ मध्ये उत्तरेकडच्या बुथा-बुथेहून आपली माणसं घेऊन इथे आला. तो काळ भयंकर होता. सगळ्या प्रदेशात टोळ्यांची पळापळ, लुटालूट, दुष्काळ. त्याला ते ‘लिफाकाने’ म्हणतात. माणसं उपासमारीने नरभक्षक झाली होती.

या स्थलांतरात मागे पडलेल्या मोश्वेश्वेच्या आजोबांना, पीटे त्यांचं नाव, नरभक्षकांनी धरून खाल्लं. पुढे ती माणसं मोश्वेश्वेच्या हाती लागली. लोक म्हणाले, मारून टाका. तो म्हणाला, यांच्या पोटात माझा आजा आहे, आजाच्या थडग्यावर मी शस्त्र कसं चालवू? त्याने त्यांचे शुद्धीचे विधी करवले, गुरं दिली, जमीन दिली आणि आपल्यात घेतलं. बासोथो हा एका रक्ताचा समाज नाहीच. असे वाताहत झालेले, हरलेले, आसऱ्याला आलेले लोक त्याने एकेक करून जोडले आणि त्यांचं एक राष्ट्र झालं. आफ्रिकेत एक भाषा, एक लोक असलेले देश फार थोडे, त्यातला हा एक.

१८३१ मध्ये न्डेबेले राजा मझिलिकाझीचं सैन्य गडावर चालून आलं आणि हरून परत निघालं. मोश्वेश्वेने त्यांच्या मागोमाग बैल धाडले. निरोप असा, की तुम्ही भुकेले होतात म्हणून आलात असणार, वाटेत खायला घ्या. ते सैन्य पुन्हा आलं नाही.

हीच रीत त्याने इंग्रजांशी वापरली. डिसेंबर १८५२ मध्ये जनरल कॅथकार्ट हजारो गुरांचा दंड मागत सैन्य घेऊन आला. बासोथो घोडेस्वारांनी त्याला चांगलाच मार दिला. आणि त्याच रात्री मोश्वेश्वेने पत्र पाठवलं : तुम्ही आम्हाला शिक्षा केलीत, गुरं नेलीत, आता एवढ्यावर पुरे करा, मला राणीचा शत्रू समजू नका. जिंकलेल्या माणसाने हरलेल्याला परतायची वाट करून दिली. कॅथकार्टने ती घेतली.

मोश्वेश्वेच्या पदरी फ्रेंच मिशनरी होते, १८३३ पासून. त्याने स्वतः गुरं धाडून, निरोप पाठवून त्यांना बोलावणं केलं होतं. त्यातला कासालिस त्याची परदेशी पत्रं लिहायचा. मोरिजा गावी त्यांनी छापखाना काढला आणि १८६३ मध्ये सेसोथो भाषेतलं वर्तमानपत्र सुरू केलं.

---

दुर्गवेडा

अंगावर काटा आला. वर झरे असलेला सपाट माथा, मोजक्या वाटा, दाणागोटा आणि गुरं वर. आमच्या सह्याद्रीतला माणूस हे चित्र डोळे मिटून पाहू शकतो. बोअर तोफा आणून वर चढू शकले नाहीत का?

---

रानवाट

तोफा होत्या. ऑगस्ट १८६५ मध्ये लू वेपेनर नावाचा बोअर सेनानी खुबेलू खिंडीतून निवडक माणसं घेऊन चढला आणि माथ्याशी पोचता पोचता मारला गेला. हल्ला मोडला. गड शेवटपर्यंत कुणाला मिळाला नाही. मी गेले होते तेव्हा त्याच खिंडीतून वर गेले. चढ लांबलचक नाही, पण शेवटचा टप्पा कड्याच्या फटीतून आहे, दोन माणसं शेजारी चालू शकत नाहीत. वर मोश्वेश्वेची कबर आहे, दगडांची, साधी. ११ मार्च १८७० ला तो वारला. तो दिवस आजही राष्ट्रीय सुटी आहे.

---

चाकरमानी

माझं गाव राजापूर तालुक्यात. आजोबा गिरणीत, वडील गिरणीत. गावात पोस्टमन आला की घर चालायचं. तुम्ही ‘माणसं पाठवणारा देश’ लिहिलंत तिथे थबकलो. त्याबद्दल जरा सविस्तर लिहाल का?

---

रानवाट

चाकरमानी दादा, तुम्हाला हे समजावून सांगायची गरजच नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्ग मिळून जेवढी वस्ती, साधारण तेवढ्या वस्तीचा हा देश, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस इथले सव्वा लाखाच्या आसपास पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या आणि इतर खाणींत होते. दर दुसऱ्या घरातला माणूस खाणीत, असं ते दिवस पाहिलेले लोक सांगतात. बायकामुलं नेता येत नव्हती, वर्णद्वेषी कायद्यांनी मनाई होती. पुरुष मालकाच्या चाळीत, म्हणजे होस्टेलमध्ये, एकेका खोलीत पंधरा-वीस जण. करार संपला की घरी, मग नवा करार. पगाराचा मोठा हिस्सा सक्तीने लेसोथोतल्या बँकेत जमा व्हायचा आणि माणूस परत आला की मिळायचा.

म्मेंचे वडील असे तीस वर्षं गेले-आले. म्मे म्हणायच्या, लहानपणी बाबा म्हणजे डिसेंबर. डिसेंबरात नवीन ब्लँकेट, साखर, रेडिओचे सेल आणि बाबा, हे सगळं एकाच बसमधून उतरायचं. शेवटी आले ते खोकला घेऊन. सोन्याच्या खाणीतल्या गारेच्या धुळीने फुप्फुसं दगडासारखी होतात, सिलिकोसिस. त्यावर मजुरांनी सामुदायिक दावा लावला, २०१९ मध्ये कोर्टाने भरपाईची तडजोड मंजूर केली. म्मेंचे वडील त्याच्या कितीतरी आधी गेले होते. कागद जमवायला म्मे दोन वर्षं खेपा घालत होत्या. कुठल्या खाणीत कुठल्या साली, याचा पुरावा म्हणजे एक पिवळं पडलेलं कामाचं पुस्तक. त्यातली चार पानं उंदरांनी खाल्लेली.

१९९० नंतर खाणींनी माणसं कमी केली. आता त्या आकड्याच्या पाव हिश्शाहूनही कमी उरलेत. पुरुषांचं काम गेलं तेव्हा बायका बाहेर पडल्या. म्मे त्यातल्याच.

---

माजघर

बायकांचं शिक्षण कसं आहे तिकडे? आफ्रिकेत मुलींची गळती जास्त, असंच नेहमी वाचतो आपण.

---

रानवाट

माजघर, इथे उलट आहे, आणि मला स्वतःला ते कळायला वेळ लागला. मुलगे सहा-सात वर्षांचे झाले की गुरं-मेंढ्या राखायला डोंगरात जातात. वर दगडी खोपट असतं, तिथेच राहायचं, कधी महिनोन् महिने, बर्फातसुद्धा. त्यामुळे मुलीच शाळेत राहिल्या. साक्षरतेत बायका पुरुषांच्या बऱ्याच पुढे आहेत. आणि तरीही २००६ चा कायदा होईपर्यंत लग्न झालेली बाई कायद्याने अज्ञान, म्हणजे अल्पवयीन मुलासारखी, मानली जायची! नवऱ्याच्या सहीशिवाय बँकेतून कर्ज नाही, जमिनीचा व्यवहार नाही. शिकलेली ती, घर चालवणारी ती, आणि सही त्याची.

एचआयव्हीबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. प्रौढांपैकी जवळपास पाचातला एक बाधित आहे, जगातल्या सगळ्यात जास्त प्रमाणांपैकी एक. घरापासून वर्षभर लांब ठेवलेली माणसं, खाणींच्या होस्टेलांभोवतीचं जग, आणि परतीची बस. आजार त्याच रस्त्याने आला. औषधं पोचवण्यात या देशाने फार चांगलं काम केलंय, गावोगावच्या आरोग्यसेविका घोड्यावरून गोळ्या नेतात. त्या कामाला परदेशी मदतीचा मोठा आधार होता आणि २०२५ मध्ये अमेरिकेने हात आखडता घेतला, त्याचा फटका थेट दवाखान्यांना बसला.

---

कोयनाकाठ

मी पाटण तालुक्यातला. आमचं मूळ गाव शिवसागरच्या पाण्याखाली. धाग्याचं नाव वाचून आलो, पण पाण्याचं अजून आलंच नाही. कुणाचं गाव गेलं, कुणाला काय मिळालं, ते सांगा.

---

रानवाट

कोयनाकाठ, तुमच्यासारख्याने विचारावं अशीच माझी इच्छा होती.

या कराराची जन्मकथा आधी ऐका. वर्णद्वेषाच्या काळात दक्षिण आफ्रिकेतून पळालेले कार्यकर्ते लेसोथोत आसरा घ्यायचे. वर्णद्वेषाविरुद्ध लढणारे नेते ख्रिस हानी मासेरूत कित्येक वर्षं होते. ९ डिसेंबर १९८२ च्या रात्री दक्षिण आफ्रिकेचं सैन्य सीमा ओलांडून मासेरूत घुसलं आणि ४२ माणसं मारली, त्यात १२ लेसोथोची. पुढे जानेवारी १९८६ मध्ये त्यांनी सीमाच आवळल्या. चारी बाजूंनी एकच शेजारी आणि त्यानेच दार लावलं, म्हणजे पेट्रोल नाही, पीठ नाही. २० जानेवारीला लष्कराने पंतप्रधान लेआबुआ जोनाथन यांना हटवलं. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पाण्याच्या करारावर सह्या झाल्या. बोलणी त्याआधी अनेक वर्षं चालू होती हे खरं, पण सही कुठल्या परिस्थितीत झाली हेही लक्षात ठेवायला हवं.

काट्से धरण १८५ मीटर उंच, दोन्ही अंगांनी वाकवलेली काँक्रीटची कमान. कोयनेपेक्षा पाऊणपट जास्त उंच म्हणा. तिथून ४५ किलोमीटरचा बोगदा डोंगराच्या पोटातून मुएला वीजगृहापर्यंत येतो, ७२ मेगावॉट वीज होते, आणि पुढे आणखी ३७ किलोमीटरच्या बोगद्याने पाणी दक्षिण आफ्रिकेत ॲश नदीत उतरतं, तिथून व्हाल धरणात. सगळं उतारावरून, पंप कुठेही नाही. जानेवारी १९९८ पासून पाणी जातंय. नंतर मोहाले धरण जोडलं, आता पोलिहालीचं काम चालू आहे. २०२४-२५ मध्ये दुरुस्तीसाठी बोगदा काही महिने बंद ठेवला, तेव्हा जोहान्सबर्गच्या आसपास सगळीकडे पाण्याचीच चर्चा होती.

लेसोथोला याची रॉयल्टी मिळते, दर महिन्याला मिळते, आणि सरकारच्या तिजोरीत तो पैसा खरोखर कामी येतो. वीजही बरीचशी स्वतःची झाली, आधी जवळजवळ सगळी शेजाऱ्याकडून यायची. हे मी नाकारत नाही.

पण दऱ्यांच्या तळाशीच तर डोंगरातली चांगली जमीन असते. ती गेली. भरपाई म्हणून दर वर्षी मका किंवा रोख, ५० वर्षं, असं ठरलं. माझा गाडीवान तिथल्याच एका गावचा होता. त्याने धरणाच्या कडेला गाडी थांबवली आणि वरच्या उतारावरचं त्याचं घर दाखवलं. त्याची भावजय डोक्यावर पिवळा प्लास्टिकचा डबा घेऊन झऱ्यावरून वर चढत होती. खाली निळंशार पाणी कोसभर पसरलेलं, आणि त्या घरात नळ नाही. मी फोटो काढायला फोन वर केला आणि तसाच खाली ठेवला.

---

कोयनाकाठ

तो डबा मी ओळखतो. आमच्याकडे तांब्याची कळशी होती एवढाच फरक. दिवे लागले मुंबईला, आम्ही रॉकेलवर. भूकंपाचं काही झालं का तिकडे?

---

रानवाट

झालं. काट्सेचं पाणी भरू लागलं तेव्हा धक्के बसले आणि मापेलेंग नावाच्या गावातून जमिनीला लांबच लांब भेग गेली. घरं हलवावी लागली. कोयनेइतकं मोठं काही झालं नाही, १९६७ चा तुमचा भूकंप तर अशा विषयावरच्या जगातल्या प्रत्येक चर्चेत येतो. पण पाण्याच्या भाराने जमीन हलते हे तिथल्या म्हाताऱ्यांनी स्वतःच्या अंगणात पाहिलं.

---

शिवणटीप

मी बंगळुरूला कपड्यांच्या निर्यातीत मर्चंडायझर आहे, अठरा वर्षं. लेसोथो आमच्या धंद्यात अनोळखी नाव नाही, जीन्समध्ये तर नाहीच. थोडी भर घालतो.

अमेरिकेचा २००० सालचा आफ्रिकेसाठीचा सवलत कायदा, अ‍ॅगोआ, यामुळे तिथून गेलेल्या कपड्यांवर शुल्क शून्य झालं. त्यातही गरीब देशांना कापड कुठूनही आणायची मुभा. म्हणून तैवानी आणि चिनी मालकांनी तिथे कारखाने टाकले. कापड आशियातून, चेन-बटणं आशियातून, लेसोथोत फक्त कापणं, शिवणं, धुणं, पॅकिंग. आमच्या भाषेत सीएमटी काम. त्यात देशाच्या हाती उरते ती फक्त मजुरी. आणि हातात मशीनं सोडून काही नसलेला कारखाना एका शुल्काच्या फरकाने दुसऱ्या देशात जातो. २००५ च्या जानेवारीत जागतिक कोटा पद्धत (कुठल्या देशाने किती कपडे पाठवायचे याची मर्यादा) संपली तेव्हाही तिथे कारखान्यांना कुलपं लागली होती.

सवलत मुदतीची असते. मुदत संपत आली की खरेदीदार सहा महिने आधीच हात आखडतात, कारण आज दिलेली ऑर्डर बंदरात पोचेल तेव्हा काय शुल्क असेल हे कुणी सांगू शकत नाही. दर शेवटी किती ठरला याच्याइतकीच ही अनिश्चितता मारते.

---

रानवाट

शिवणटीप, हे कुणीतरी आतल्या माणसाने सांगायला हवं होतं, मनापासून आभार. ५० टक्क्यांचे ऑगस्टमध्ये १५ झाले, पण तुम्ही म्हणता तसं मधल्या चार महिन्यांतच ऑर्डरी गेल्या. जुलै २०२५ मध्ये सरकारने बेकारीसाठी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. सुमारे १२ हजार जणांचं काम थेट अमेरिकी ऑर्डरींवर होतं, आणि बहुतेक बायकाच. तो ५० टक्क्यांचा आकडा कसा आला तेही बघा : अमेरिका त्यांच्याकडून जेवढं घेते त्याच्या तुलनेत त्यांना जवळजवळ काहीच विकत नाही, म्हणून तोटा, म्हणून दंड. जीन्स शिवून महिन्याचं पीठ भरणारी बाई अमेरिकेकडून घेणार तरी काय?

हिरेही जातात अमेरिकेला. लेटसेंगची खाण ३,००० मीटरच्या वर आहे, तिथे खडे थोडे निघतात पण अवाढव्य. २०१८ मध्ये ९१० कॅरेटचा निघाला. मला जास्त आवडते ती १९६७ ची गोष्ट : तेव्हा तिथे साधी माणसं हातांनी खणायची, आणि अर्नेस्टिन रामाबोआ नावाच्या बाईला ६०१ कॅरेटचा तपकिरी हिरा सापडला. ती आणि तिचा नवरा डोंगरातून पायी मासेरूला आले तो विकायला.

---

प्रश्नचिन्ह

सगळं वाचलं. एक प्रश्न मनात राहतोच, रागावू नका. चलन रँडला जोडलेलं, सीमाशुल्क एकत्र, कामधंदा तिकडे, पाणी तिकडे. मग दक्षिण आफ्रिकेत विलीन का होत नाहीत? इतक्या लहान देशाने वेगळं राहून काय साधतं?

---

दुर्गवेडा

प्रश्नचिन्ह, ज्या माणसांनी गड दिला नाही त्यांनी आता सही करून द्यावा का? मला हा प्रश्न पटत नाही.

---

रानवाट

रागवायचं काय त्यात, तिथे हा प्रश्न लोक स्वतःच विचारतात. २०१० मध्ये विलीनीकरणासाठी सह्या गोळा झाल्या होत्या. आणि २०२३ मध्ये त्यांच्या संसदेत बरोबर उलटा ठराव चर्चेला आला, की फ्री स्टेटची जमीन आम्हाला परत द्या! एकाच जखमेवरचे दोन उपाय आहेत हे.

पण इतिहासात एकदा मागे जाऊन बघा. १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ झाला तेव्हा लेसोथो, म्हणजे तेव्हाचं बासुटोलँड, पुढेमागे त्यात घालायचं असं कायद्यातच लिहून ठेवलं होतं. बासोथो सरदार त्याआधीच लंडनला जाऊन विरोध करून आले होते. घातलं असतं तर पुढची सगळी वर्णद्वेषाची दशकं त्यांनी आत काढली असती, आणि उरलेली जमीनही गोऱ्या शेतकऱ्यांकडे गेली असती. लेसोथोत जमीन राष्ट्राची, सरदारामार्फत वापरायला मिळते, परक्याला विकता येत नाही. ४ ऑक्टोबर १९६६ ला देश स्वतंत्र झाला. पुढचं राजकारण चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. १९७० ची निवडणूक हरतोय दिसल्यावर जोनाथन यांनी निकालच रद्द केला. १९९८ मध्ये निवडणुकीवरून पेटलं, शेजाऱ्यांचं सैन्य आलं आणि मासेरूची बाजारपेठ जळाली. हे सगळं खरं आहे. पण त्या ब्रिटिश छत्रामुळे आणि मोश्वेश्वेने ते वेळेवर मागितल्यामुळे बासोथो आपल्याच डोंगरात परके झाले नाहीत.

दक्षिण आफ्रिकेबरोबरच्या सीमाशुल्क संघातून येणारा पैसा सरकारी उत्पन्नात फार मोठा आहे हे बरोबर. तो वर्षागणिक वरखाली होतो, आणि खाली गेला की शिक्षकांचे पगार लांबतात.

तुमचा प्रश्न मी काल म्मेंनाच विचारला, फोनवर. त्या आता गावीच असतात. त्या म्हणाल्या, देश राहू दे तसाच, पुलावरची रांग तेवढी कमी करा. डिसेंबरात सगळेच घरी जातात, आठ-आठ तास उन्हात उभं राहावं लागतं, म्हातारी माणसं रस्त्यात बसतात.

मुलीचं विचारलं. ती मापुत्सोएला जीन्सच्या कारखान्यात होती, गेल्या वर्षी कमी केली. अजून काम नाही. रोज सकाळी सहाला फाटकापाशी जाऊन उभी राहते, बाकीच्या बायकांबरोबर. सुपरवायझर बाहेर येऊन बोटाने दाखवतो, आज कोण आत. नऊ वाजेपर्यंत थांबतात आणि मग घरी जातात.